व्हर्नाच्या रायफलीचे नऊ नग

"हे लावलंस ना, की मग ते लावावंच लागतं," लमार म्हणाला.

"आणि ते लावलं की?"

"मग त्याच्यापायी आणखी एक."

"नकटीच्या लग्नाची विघ्नंच म्हण की रे सरळ. एकूण किती आहेत ते सांग, मी खुर्ची घेते."

व्हर्ना हॉकेनबेरीने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि सगळा भार त्यांच्यावर सोडून दिला. अडुसष्ट वर्षांचं अंग. त्यातला उजवा खांदा गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरने उघडून परत शिवलेला. सकाळी उठल्यापासून ती दमलेली असायची. रात्री झोपण्यानेच दमत असावी, असं तिला हल्ली वाटायचं.

लमार फेन्स्टरमेकरच्या दुकानात पुढच्या अंगाला खिळे, नळांचे सांधे, कुत्र्यांचं खाणं. मागच्या अंगाला बंदुका. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पुढे चिटपाखरू नसायचं आणि मागे शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांची जत्रा. शनिवारी हरणांचा हंगाम उघडणार होता. त्या दिवशी अख्ख्या खोऱ्यात कुणी लग्न काढत नाही, आणि मेलंच कुणी तर खांदा द्यायला माणसं सोमवारनंतर मिळतात.

काउंटरवर तिची रायफल आडवी पडली होती. बाराव्या वर्षी बापाने हातात दिलेली. खालची कडी ओढली की काडतूस चढायचं, अंगठ्याने घोडा मागे घेतला की झाली तयार. दस्त्याचं वार्निश गाल टेकायच्या जागी पार उडालेलं. तिच्या अंगावर आजवर एक दागिना चढला नव्हता. नळीच्या टोकाला माशी, मागे खाच. खाचेत माशी बसवायची, माशीवर हरीण बसवायचं, चाप ओढायचा. छप्पन्न वर्षं हे असं चाललं. मग व्हर्नाला माशी दिसेनाशी झाली.

"वाच," ती म्हणाली आणि भावाने दिलेला कागद लमारपुढे सरकवला. "वेंडेलचं अक्षर मला नाही लागत. त्याला स्वतःला तरी लागतं का देव जाणे."

लमारने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पहिली दुर्बीण. ती तर हवीच. आता दुर्बीण वर बसली की घोडा तिच्याखाली दडतो, तुझा अंगठा पोचत नाही. म्हणून घोड्याला आडवं शेपूट लावायचं. हे दोन. दुर्बीण उंच, म्हणून गाल अधांतरी. दस्त्यावर गालाची उशी, तीन. तुझा खांदा शिवलेला, तर मागे रबरी गादी. चार. वजन वाढलं, गळ्यात अडकवायला पट्टा. पाच. तरी उचलून धरवत नाही, तर नळीखाली दोन पायांची घोडी. सहा. काचेवर बर्फ पडू नये म्हणून झाकणं. सात. हातमोज्यांनी खिशातलं काडतूस निघत नाही, म्हणून दस्त्याला काडतुसांची पिशवी. आठ."

"आणि नऊ?"

"लेव्हल. गवंड्याकडे असते ना, पाण्यातल्या बुडबुड्याची? तसली चिमुकली. रायफल तिरकी झाली की कळतं."

"रायफल तिरकी झाली की कळेल. मी तिरकी झाले की कोण सांगेल?"

"त्याला नग नाही अजून निघाला."

"मग वर एक घंटीही लाव. हरणाला कळू दे, हॉकेनबेरी बाई आल्या."

"घंटी आहे, पण सायकलची आहे." लमार दुर्बिणीचे स्क्रू आवळत म्हणाला. "हसू नकोस. गेल्या साली फिलाडेल्फियाचा एक डॉक्टर आला होता. एकावर एक, एकावर एक असे एकवीस नग घेऊन गेला. डोंगरावर पोचला, उघडून बघतो तर काय, रायफल जोडायची राहूनच गेलेली."

"खरं सांगतोस?"

"मी कधी खोटं बोललोय?"

लमारच्या तोंडात सत्य राहायला आलं असतं, तर दोन दिवसांत कंटाळून घर बदललं असतं. पण हात मात्र त्याचा खरा होता. तासाभरात त्याने नऊच्या नऊ नग चढवले आणि रायफल खिळ्यांच्या तराजूवर ठेवली. सकाळी ती सात पौंड भरली होती. आता साडेदहाला काटा टेकला.

व्हर्नाने तिच्याकडे पाहिलं. बापाच्या घरातली शांत, सावळी पोर कुणीतरी वरातीसाठी नटवून उभी करावी, तशी दिसत होती.

"एक विचारू?" लमार हळूच म्हणाला. "वेंडेलने हे सगळं कशासाठी सांगितलं?"

"हे नऊ नग लावायचे आणि रस्त्यालगतच्या शिकारीच्या लाकडी खोक्यात बसायचं. हा त्याचा हुकूम. खोक्यात खुर्ची आहे, शेगडी आहे, गाडीतून दारापर्यंत सोडतो म्हणालाय. तिथे वजनाला कोण विचारतंय?"

"आणि तुझा खडक?"

"खडक पोराला देणार. त्याच्या धाकट्याला."

खोऱ्यात प्रत्येक शिकाऱ्याची एक जागा असते. खडक म्हणा, पडलेलं झाड म्हणा. ती जागा कागदावर कुठेच नसते, पण दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसण्यापेक्षा त्याच्या ताटातलं उचलून खाल्लेलं बरं. व्हर्नाचा खडक वर कड्याशी होता, शिकारीच्या केबिनपासून पाऊण तासाच्या चढावर. आधी बाप बसायचा, मग ती. आणि एकदा का माणूस खडकावरून खोक्यात आला, की तो परत वर गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"स्क्रू-ड्रायव्हर दे एक," व्हर्ना म्हणाली. "बारका."

"कशाला?"

"दात कोरायला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाळूच्या खाणीत गेली. खाण कधीची बंद पडलेली, आता गावाची नेमबाजी तिथेच चालायची. भोपळ्याची पाई भाजायचं पत्र्याचं ताट तिने काठीवर खोचलं, सत्तर पावलं मोजून मागे आली, पडलेल्या ओंडक्यावर घोडी टेकवली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

आणि तिला दिसलं! ताटाची कड दिसली, कडेची नक्षी दिसली, नक्षीत अडकलेला मागच्या रविवारचा भोपळासुद्धा दिसला. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या तपासणीत नापास केलं, तेव्हापासून तिला इतकं साफ काही दिसलं नव्हतं. तेहतीस वर्षं शाळेची बस हाकली होती तिने. तपासणीनंतर पंधरा दिवसांनी तिला केक देऊन घरी बसवलं. पिवळ्या साखरेची बस होती केकवर. चवीला चांगला होता, हेच तिला सहन झालं नाही.

पाच बार काढले. पाच भोकं पडली.

"वा गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग रायफल उचलली आणि खाणीच्या चढणीला लागली. पट्टा डाव्या खांद्यावर घ्यावा तर घसरे, उजव्यावर घ्यावा तर टाक्यांतून कळ जाई. म्हणून बापासारखी कोपराच्या खोबणीत घेतली. अर्ध्या चढावर दम लागला. पाऊण चढावर गुडघे बोलायला लागले, आणि गुडघे एकदा बोलायला लागले की कुणाचं ऐकत नाहीत. ती वाळूत बसकण मारून बसली. वरून एक कावळा तिच्याकडे बघत होता.

"बघतोस काय? तू उचल," ती त्याला म्हणाली.

आता हिशेब सरळ होता. नऊ नग असले तर पाचातली पाच लागत होती, पण रायफल डोंगर चढणार नव्हती. नुसती रायफल डोंगर चढली असती, पण वर जाऊन दिसणार काय? डोंबल!

ती परत खाली ओंडक्यापाशी आली आणि तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला. आधी लेव्हल गेली, तिचं काही वाटलं नाही. झाकणं गेली. पिशवी गेली. काडतुसं खिशात ठेवून छप्पन्न वर्षं भागलं होतं. पट्टा गेला. घोडी काढताना मात्र हात थबकला. ओंडक्यावर टेकलेली रायफल कशी म्हशीसारखी स्थिर उभी होती! पण घोडी एकटीच पाऊण पौंडाची. काढली. बार काढले. पाचात चार. गालाची उशी काढली. पाचात तीन.

उरलं काय? दुर्बीण, घोड्याचं शेपूट आणि खांद्याची गादी. पुन्हा चढण चढून बघितली. दोनदा बसली, पण वर पोचली.

पाचात तीन म्हणजे दोन गोळ्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक. त्या दोनांतली एखादी हरणाच्या पोटात बसली, तर ते बिचारं दिवसभर झाडीत कण्हत पडणार. व्हर्नाला तसलं चालत नव्हतं. बापाने तिला पहिली शिकवण हीच दिली होती: चुकलीस तर चालेल, पण अर्धवट मारू नकोस. ती ताटाजवळ जाऊ लागली. साठ पावलांवरून पाचात चार. पन्नासावरून चार. चाळीस पावलांवरून पाचात पाच.

"ठरलं तर," ती कावळ्याला म्हणाली. "चाळिसाच्या पलीकडचं हरीण माझं नाही. ते तुझं."

शुक्रवारी दुपारी ती केबिनवर पोचली. वेंडेल पायरीवर लाकडं फोडत होता. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण नवरा अर्ल गेल्यापासून तिच्याशी अशा आवाजात बोलायचा, जसं काही तीच काचेचं भांडं आणि तोच ते धुणारा. त्याने गाडीतून तिची रायफल काढली आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. परत पहिल्यापासून मोजली.

"व्हर्ना, बाकीचे सहा कुठे आहेत?"

"बिस्किटाच्या डब्यात. मागच्या सीटवर."

"डब्यात ठेवून लागणारेत का हरणाला?"

"मी खडकावर जाणारेय, वेंडेल."

कुऱ्हाड ओंडक्यातच राहिली. "आपलं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं होतं. मी तेव्हा बटाटे सोलत होते."

"अगं, तुझा खांदा! पाऊण तास चढ, वर बर्फाचा अंदाज दिलाय. आणि समज वर काही झालं…"

"तर पोराला खडक आयता मिळेल. माझ्यासकट."

आतून शेगडीजवळून पॉप हार्नर खो खो हसला. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा आता कुठेच चढत नव्हता. शेगडीजवळ बसून सूपात घालायच्या मिरपुडीच्या बाटलीवर आणि सगळ्यांच्या खोट्यावर देखरेख करायची, एवढंच त्याचं काम. स्वतः त्याने मारलेला हरणाचा एक नर एवढा मोठा होता म्हणे, की त्याच्या शिंगात टेलिफोनची तार अडकली, आणि आठवडाभर खोऱ्यात जो कुणी डॉक्टरला फोन करी त्याला पाद्रीबुवा उचलत.

"वेंडेल," पॉप म्हणाला, "तुझ्या बहिणीशी भांडून कुणी जिंकलंय का? मी तिच्या बापाला भांडताना बघितलंय. तोही हरायचा."

वेंडेलने लाकडं उचलली, आत नेली, शेगडीजवळ रचली. त्याच्या मागोमाग व्हर्ना आत गेली आणि सवयीने तिचे डोळे भिंतीकडे गेले.

भिंतभर शर्टांचे तुकडे ठोकलेले होते. चौकडीचे, लाल, हिरवे, विटलेले. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कात्रीने कापायचा, त्यावर शाईने नाव-साल घालायचं आणि खिळ्याने भिंतीवर ठोकायचं. वशिला नाही, वय नाही, बाई-पुरुष नाही. अर्लचे तिथे सात सोगे होते. एका साली तर त्याचा लग्नातला शर्ट गेला. व्हर्नाचे दोन. एक चौदाव्या वर्षीचा. एक मुलीच्या वेळेला सातवा महिना होता तेव्हाचा, आणि त्या वर्षी पॉपने सोगा कापताना "दोघांचा मिळून एक" असं लिहिलं होतं.

गेल्या वर्षी तिसरा व्हायला हवा होता. तीस पावलांवरून तिने बार काढला होता आणि नर उडी मारून निघून गेला होता. खाली येऊन तिने सांगितलं, "चुकला." मग शर्ट पँटीतून ओढून काढला आणि पाठ करून उभी राहिली. मागे कुणीच हललं नाही. वेंडेल म्हणाला, "असू दे गं. चल, सूप गरम आहे." पॉपसुद्धा शेगडीकडे बघत बसला. कात्री खिळ्यावरच राहिली. तिने शर्ट परत आत खोचला आणि सूप प्यायलं. त्या सूपाची चव अजून तिच्या जिभेवर होती. खारट झालं होतं.

ज्याचा सोगा कापत नाहीत, तो शिकारी नव्हे. तो पाहुणा.

शनिवारी उजाडायच्या आधी ती उठली. रायफल रात्री व्हरांड्यात ठेवायची ही तिथली जुनी रीत. उबेत आणली की गार लोखंडाला आणि काचेला घाम फुटतो. व्हरांड्यात बघते तर रायफल नाही. आत येऊन पाहिलं. शेगडीच्या बाजूला भिंतीशी टेकून उभी, आणि वर कुणीतरी टॉवेलही पांघरला होता.

वेंडेल बूट घालत होता. "बाहेर फार कडक पडलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "नवी दुर्बीण आहे. म्हटलं…"

"पन्नास वर्षं झाली तुला इथे येऊन," व्हर्ना म्हणाली. टॉवेलने काच पुसली, रायफल कोपरात घेतली आणि निघाली.

चढ तसाच होता. म्हणजे डोंगर काही म्हातारा झाला नव्हता. ती वीस पावलं चालायची आणि दहा श्वास थांबायची. काळोखात पायाखाली ओक झाडांची पानं कुरकुरत होती. पाऊण तासाच्या चढाला तिला दीड तास लागला. खडकावर टेकली तेव्हा पूर्वेला राखेसारखा उजेड आला होता आणि तिच्या अंगात एकही हाड असं नव्हतं, ज्याने तक्रार नोंदवली नाही. खडक मात्र तिच्या बैठकीला ओळखत होता. पाठीमागे टेकायला खोबण, पुढे पाय रोवायला मूळ. ती डोळे मिटून बसली. उघडले तेव्हा झाडं दिसायला लागली होती. दुर्बीण तपासली. काच कोरडी, स्वच्छ. वाटेतल्या थंडीने सगळा घाम पिऊन टाकला होता.

नऊच्या सुमाराला नर आला. सहा टोकांच्या शिंगांचा, मानेला जाड. आधी साठ पावलांवर होता. तिने रायफल उचललीच नाही. "तो माझा नाही," ती मनात म्हणाली. नर दोन पावलं येई, थांबे, कान हलवी. पन्नास. तिने रायफल मांडीवरून हळूहळू वर घेतली. पंचेचाळीस. शेपटावर अंगठा ठेवून घोडा मागे ओढला. बीचच्या वाकड्या झाडापर्यंतचं अंतर तिने सकाळीच मोजून ठेवलं होतं, खडकापासून बरोबर अडतीस पावलं. नर त्या झाडाशी आला.

दुर्बिणीत त्याच्या पापण्यांवरचं दवसुद्धा दिसत होतं. सगळं दिसत होतं. फक्त उजवा हात थरथरत होता. चढाने, टाक्यांनी, की त्या इतक्या जवळच्या डोळ्याने, कोण जाणे. तिने श्वास धरला आणि चाप ओढला.

बीचच्या सालीचा ढलपा उडाला. नर एकदा तिच्याकडे बघून उतारावरून खाली गेला, पांढरी शेपटी वर करून.

ती अर्धा तास जागची हलली नाही. तसाच नियम आहे. मग अडतीस पावलं मोजत झाडापाशी गेली, वाकून वाकून पानं पाहिली, उताराला शंभर पावलं त्याच्या खुरांमागे गेली. केस नाही, रक्ताचा थेंब नाही. गोळी झाडात, नराच्या पाठीच्या वीतभर वर. निखळ चुकली होती. तिने सुटकेचा एक श्वास टाकला आणि खाली उतरायला लागली.

दुपारी केबिनवर सगळे जमले होते. वेंडेल, त्याची दोन मुलं आणि पॉप. टेबलावर गुरुवारची टर्की, हरणाच्या मांसाचं बोलोना सॉसेज, व्हिनेगरमधली लाल अंडी.

"बार ऐकला आम्ही," वेंडेल म्हणाला. "वरूनच आला ना?"

"माझाच. चुकला."

सगळे थांबले. गेल्या वर्षीसारखंच. मग वेंडेलने घाईघाईने तोंड उघडलं. "दुर्बिणीवर वाफ आली असणार. माझीच चूक ती. मी रायफल आत आणली. अरे, काचेत काही दिसलंच नसेल तिला. हा चुकलेला नेम धरायचाच नाही…"

"काच साफ होती," व्हर्ना म्हणाली.

"अगं, पण…"

"त्याच्या पापण्या मोजल्या मी, वेंडेल. साफ होती. तुझी चूक मला नकोय, माझी मला पुरे आहे." तिने शर्ट ओढून बाहेर काढला. "पॉप, कोर्ट भरवणार आहात की मी खालच्या गावातून दुसरा न्यायाधीश आणू?"

पॉप हार्नरने तिच्याकडे बघितलं. मग हात लांब करून खिळ्यावरची भाज्या निथळायची चाळणी घेतली आणि डोक्यावर घातली. चाळणी डोक्यावर चढली की म्हातारा न्यायाधीश होत असे.

"आरोपीने बचावात काय ते बोलावं," तो गरजला. "खरं बोलल्यास शिक्षा दुप्पट!"

पोरांनी टेबल ठोकलं. व्हर्नाने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. आवाज बसमधला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"न्यायाधीश महाराज, तो नर माझ्या ओळखीचा निघाला. तेहतीस वर्षं मी त्याच्या खानदानाला रस्ता ओलांडू दिलाय. मी बसचे लाल दिवे लावायचे, सगळ्या गाड्या थांबायच्या, की ती ओळीने पलीकडे. आज आला, बीचपाशी थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वळण चांगलं लागलेलं. मी बार काढला…"

"आणि गोळी?"

"गोळी निघाली की. पण लाल दिवा बघून थांबली."

"कुठे थांबली?"

"हवेत! तो आरामात पलीकडे गेला, मला खूर हलवून 'बरंय, मिसेस हॉकेनबेरी' म्हणाला, तेव्हा कुठे गोळीने गिअर टाकला. मग काय, समोर झाडच होतं."

पॉपची चाळणी हसून हसून कानावर आली. थोरला पोरगा अंड्याने गुदमरला, धाकट्याने त्याच्या पाठीत गुद्दे घातले. वेंडेल मात्र हसत नव्हता. तो बहिणीकडे बघत होता.

"कोर्टाने ऐकलं," पॉप डोळे पुसत म्हणाला. "आरोपी खोटारडी आहे, नेमाची कच्ची आहे आणि या केबिनची आहे. दोषी! वेंडेल, कात्री."

वेंडेल उठला. त्याला उठायला वेळ लागला. व्हर्नाने पाठ केली. कात्री थंडगार कमरेला लागली आणि जाड फ्लॅनेलमधून कुरकुरत गेली. वाकडीतिकडी, शिवणीपाशी अडखळत.

"सरळ काप की रे," ती म्हणाली. "लेव्हल आणून देऊ का डब्यातली?"

तेव्हा कुठे तो हसला. हसताना नाक ओढल्याचा आवाज आला, पण ती मागे वळली नाही.

जेवणं झाली. तिने सूप दोनदा घेतलं. मग खुर्चीतच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तीन वाजत आले होते आणि बाहेर बारीक बर्फ भुरभुरायला लागलं होतं. अंधार पडायला दोन तास होते. तिने नारिंगी जाकीट चढवलं, तीन काडतुसं खिशात टाकली, रायफल कोपरात घेतली. उठताना गुडघे म्हणाले, नको. ती म्हणाली, माहितेय.

अंगणात वेंडेल गाडी तापवत बसला होता. दार तिच्या बाजूचं उघडं, तोंड रस्त्याकडे, खोक्याच्या दिशेने. तिच्या गाडीतला बिस्किटाचा डबाही त्याने आणून पुढच्या सीटवर ठेवला होता. त्याच्या गाडीपुढून ती सावकाश गेली, कापलेल्या शर्टातून पाठीला गारठा लागत होता, आणि लाकडांच्या राशीमागून वरची पायवाट धरली.

वीस पावलं चालली. थांबली. दहा श्वास घेतले. खाली इंजिन अजून घुरघुरत होतं. पुढची वीस पावलं चालून ती पहिल्या वळणावरच्या हेमलॉकच्या झाडाला हात टेकून उभी राहिली. मागे वळून बघितलं नाही. रायफलीवर पडलेलं बर्फ तिने हातमोज्याने पुसलं. परत पडलं, परत पुसलं.

खाली गाडीचं दार बंद झालं. मग इंजिनही बंद झालं. सगळ्या खोऱ्यात बर्फ पडण्याचा तेवढा आवाज राहिला.

व्हर्नाने झाडावरचा हात काढला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.